वरच्या खोलीतले दोन फोन

मागच्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळचं जेवण चाललं होतं. तव्यावरची भाकरी ताटात पडली तरी शेजारी बसलेल्या मुलीचं तिकडे लक्ष नव्हतं. डाव्या हातात फोन आणि उजवा हात भाकरीवर नुसता टेकवलेला. मिनिटा-मिनिटाला फोन उघडायचा, बघायचं, बंद करायचा. दोनदा मी साध्या आवाजात सांगितलं. तिसऱ्यांदा आवाज चढला. "जेवताना तरी ठेव की गं तो बाजूला! अन्नापुढेसुद्धा मान वर होत नाही तुमची?" छत्तीस वर्षं वर्गात वापरलेला आवाज आहे. मी निवृत्त झाले, तो झालेला नाही.

मुलगी ताटावरून उठली नाही. पण डोळ्यांतून पाणी टपकायला लागलं.

"आज्जी, ओटीपी येईना वो," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं कळलं. शिष्यवृत्तीच्या अर्जाची दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख होती. अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यासाठी आधार क्रमांक टाकला, की आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडे येतात. ते थोड्या मिनिटांत भरायचे, नाहीतर शिळे होतात. आणि आधारला जोडलेला मोबाईल होता तिच्या वडिलांचा. वडील केरळात त्रिशूरला, भावकीतल्या एकाच्या दुकानात सोनं गाळायच्या कामाला. माण, खटाव, खानापूर, आटपाडी या भागातली कितीतरी माणसं या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, त्यांतले एक. भट्टीपाशी बसताना शर्ट काढून खिळ्याला अडकवायचा आणि फोन त्या शर्टाच्या खिशात. दुपारपासून तीन वेळा आकडे आले आणि तीन वेळा खिशातच शिळे झाले.

रात्री साडेनऊला वडिलांचा फोन आला. त्यांनी एकेक आकडा सावकाश सांगितला, हिनं भरला, अर्ज गेला. मी तोवर गार भाकरी उचलून दुसरी टाकली होती. तेवढंच मला करता येण्यासारखं होतं.

वरच्या खोलीत गेली दोन वर्षं दोन मुली राहतात. एक माणची, एक पाटणची. "आजी, आमच्यावर लिहा, पण नावं नको," अशी दोघींची अट आहे, म्हणून मीही त्यांना माणची आणि पाटणचीच म्हणणार आहे. दोघी एकाच जिल्ह्यातल्या, पण एकीच्या गावाला पावसाळ्यातही आभाळाकडे बघत बसावं लागतं आणि दुसरीच्या गावाला पावसाळ्यात आभाळ दिसतच नाही. माणची बीएला आहे, मराठी घेऊन. पाटणची बीएस्सीला. सकाळचा डबा मेसचा, रात्रीचं जेवण माझ्याकडे.

त्या ओटीपीच्या प्रसंगानंतर मला स्वतःचीच शंका यायला लागली. या मुली दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतात, हे माझं ठाम मत. पण तिथे नेमकं करतात काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. वर्गात एखादा मुलगा सारखा खिडकीबाहेर बघत असेल, तर आधी जाऊन खिडकीबाहेर काय आहे ते बघावं, एवढं तर मला कळायला हवं होतं! म्हणून एका रविवारी दोघींना गृहपाठ दिला. उद्याच्या दिवसात फोन ज्या ज्या कामासाठी हातात घ्याल, ते ते वहीत लिहायचं. रील बघितली तर तेही लिहायचं. मी रागावणार नाही.

सोमवारी रात्री दोन वह्या आल्या. माणचीची दोन पानं भरली होती, पाटणचीची तीन.

पहाटेचा गजर फोनवर. मग वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप. पहिला तास होणार आहे की सर रजेवर आहेत, हे तिथे कळतं. मेसच्या मावशींना फोनवरूनच पैसे पाठवले. तासाला हजेरी: फळ्यावर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र दिसतं, ते फोननं टिपलं की हजेरी लागते. (आमच्या वेळी 'हजर' म्हणून ओरडायचं आणि मैत्रिणीसाठी आवाज बदलून पुन्हा ओरडायचं. ती कला बुडाली.) नोट्स पीडीएफमध्ये. परीक्षेचा फॉर्म, फी, हॉलतिकीट, निकाल, सगळं फोनवर. नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची बँक निघाली आहे. मुलानं मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात, त्याचंही खातं फोनवर. दुपारी टपरीवर दोघींत एक वडापाव, त्याचे पैसे ठिपके टिपून. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल, त्यात ताट दाखवणं सक्तीचं. पाटणचीच्या वहीत एक ओळ अशी होती: 'इंग्रजीचं पान कॅमेऱ्यातून मराठीत बघितलं - ११ वेळा.'

त्या अकराचा अर्थ मी विचारला. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. बारावीला शास्त्र शाखेत इंग्रजीशी झटापट केली आणि आता बीएस्सीची पुस्तकं पूर्ण इंग्रजीत. पुस्तकाच्या पानावर कॅमेरा धरला की अक्षरांवर मराठी अक्षरं उमटतात. भाषांतर ओबडधोबड असतं, पण वाक्य कशाबद्दल आहे ते कळतं. मग त्याच धड्यावर कुणा शिक्षकानं मराठीत केलेला व्हिडिओ शोधायचा, तो ऐकायचा आणि पुन्हा इंग्रजी पान वाचायचं. "एका पानाला अर्धा तास लागतो, आजी. पण कळतं." मला आमच्या शाळेतले किती मुलगे आणि मुली आठवल्या! दहावीला गणित-विज्ञानात पहिल्या आलेल्या, अकरावीत इंग्रजीच्या भिंतीवर डोकं आपटून घरी परतलेल्या. त्यांच्या हातात हा कॅमेरा नव्हता.

रीलची नोंदही दोघींनी प्रामाणिकपणे केली होती. माणची: पाऊण तास. पाटणची: 'मोजलं नाही.'

आता माझ्या कॉलेजच्या दिवसांचं सांगते, म्हणजे तुलना करता येईल. १९६८ ते ७१ मी याच साताऱ्यात शिकले. गावाकडून डबा यायचा पहिल्या एसटीनं. डब्यावर नाव कोरलेलं. स्टँडवर जाऊन तो घ्यायचा, कालचा रिकामा डबा परतीच्या गाडीत ठेवायचा. घरची खबरबात त्या डब्यातूनच कळे. भाजीत तेल कमी दिसलं, की घरात ओढ आहे हे ओळखायचं. नोटीस बोर्डापुढे गर्दी, टाचा उंचावून वाचायचं. ग्रंथालयातून एका वेळी एक पुस्तक. ज्यांना पुस्तक मिळायचं नाही ते ज्याला मिळालं त्याच्या वहीवरून उतरवून घ्यायचे, आणि उतरवताना झालेल्या चुकाही पुढच्याच्या वहीत इमानेइतबारे जायच्या. फार सोन्याचे दिवस होते असं मी म्हणणार नाही. डबा चुकला की उपास घडायचा आणि पुस्तक वेळेत मिळालं नाही म्हणून माझा एक पेपर साफ बिघडला होता.

मराठी विश्वकोशाचं काम आमच्या जिल्ह्यात वाईला चाललं. पहिला खंड १९७६ साली निघाला. आमच्या शाळेत खंड यायचा तेव्हा तो कपाटात कुलूपबंद असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. आज ते वीसच्या वीस खंड या मुली गादीवर लोळत उघडतात. एकदा माणचीनं मला फोन कानाला लावायला दिला. एक म्हातारी बाई जात्यावरची ओवी गात होती. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या येत आहेत, बायकांच्या आवाजासकट. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आणि मला हे एकोणीस वर्षांच्या मुलीनं दाखवलं. तेव्हा फोन म्हणजे नुसता चाळा, असं म्हणायला मला आता तोंड राहिलेलं नाही.

आणि खरं बघायला गेलं तर हे सगळं त्या फोनमध्ये भरलं कुणी? मुलींनी नाही. नोटीस बोर्ड आम्ही मोठ्यांनी काढला, फीची खिडकी आम्ही बंद केली, शिष्यवृत्तीचा कागदी अर्ज आम्ही काढून टाकला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, तेव्हा सगळ्यांनीच भराभर कामं तिकडे हलवली. मग २०२० चा मार्च आला. त्याआधी शाळेत मोबाईल सापडला तर पालकांना बोलावून घ्यायचो आम्ही शिक्षक लोक. जूनमध्ये तेच शिक्षक पालकांना सांगायला लागले, मुलाला मोबाईल घेऊन द्या, नाहीतर वर्ष वाया जाईल. पाटणची तेव्हा नववीत होती. घरात रेंज नव्हती. डोंगराच्या एका सपाटीवर दोन काड्या रेंज यायची. तिथे ती आणि तिचा भाऊ एका फोनवर, एका छत्रीखाली, पाटणच्या पावसात बसायची. एका कानात तिचा नववीचा तास आणि दुसऱ्या कानाशी भावाची कटकट, माझा तास कधी म्हणून. ज्या मुलीला आम्ही फोनसाठी डोंगर चढायला लावला, तिला आता "सारखा फोन काय बघतेस" म्हणायचं!

बोलायचंच झालं तर तक्रार करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. रात्री बाराला मी पाणी प्यायला उठते, तेव्हा वरच्या खोलीच्या खिडकीत दोन निळसर उजेड दिसतात. एका खोलीत दोघी, पण दोघींच्या कानात बोंडं, दोघींची तोंडं दोन भिंतींकडे. आम्ही वसतिगृहात दिवे गेल्यावर अंधारात तास-तास बोलत बसायचो. तशा त्या बोलत नाहीत. डेटा संपला की मात्र बोलतात! दिवसाचा दीड जीबी संपला, की दहा वाजता खाली येऊन "आजी, काय करताय?" करत माझ्याशी गप्पा मारतात. म्हणून मी घरच्या वायफायचा पासवर्ड त्यांना बरेच दिवस दिला नव्हता. त्यात माझा स्वार्थ होता, आज कबूल करते. पण रागवायचा अधिकार मलाही फारसा नाही. सकाळी देवपूजेआधी सतरा जणांना फुलांचे सुप्रभात पाठवणारी मीच. पुरणपोळीची रील बघता बघता दूध उतू घालवणारीही मीच.

असो. हे सगळं मी गोड मानून घेतलं होतं. पण गेल्या हिवाळ्यात जे घडलं ते तितकं सोपं नव्हतं.

माणचीला मराठीचं प्रकल्पलेखन होतं. विषय 'माझे गाव'. सहाशे शब्द, दहा गुण, पीडीएफ करून पाठवायचं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "आज्जी, जरा शुद्धलेखन बघता का?" आणि फोन माझ्या हातात दिला. मला बरं वाटलं. चष्मा लावून बसले.

'निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे गाव म्हणजे जणू भूतलावरील स्वर्गच. गावाच्या कडेने खळाळत वाहणारी नदी, वाऱ्यावर डोलणारी हिरवीगार शेते आणि पक्ष्यांचा किलबिलाट...'

एकही चूक नव्हती. ऱ्हस्वदीर्घ चोख, विरामचिन्हं जागच्या जागी. पण खळाळती नदी? माणमध्ये? मी तिच्याकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "एआयनं लिहून दिलंय," ती म्हणाली. "सगळेच देतात, आज्जी. दोन मिनिटांत होतं."

मला आधी हसू आलं, मग राग आला. पण राग तोंडापर्यंत येईना. त्या ओळींची मला ओळख पटायला लागली होती. निसर्गाची कुस, भूतलावरचा स्वर्ग, खळाळती नदी... हे मी कुठे वाचलंय? कुठेही नाही. मी लिहिलंय. फळ्यावर, माझ्या हातानं, खडूनं, सुवाच्य अक्षरात. एकदा नाही, वर्षानुवर्षं. 'मुलांनो, निबंधाची सुरुवात आकर्षक हवी' असं म्हणत.

पाटणचीनं मला समजावून सांगितलं की हे यंत्र विचार करून लिहीत नाही. त्याला माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर आधी वाचायला दिलेला असतो आणि त्यावरून एका शब्दापुढे कुठला शब्द यायची शक्यता जास्त, हे पाहत पाहत ते वाक्य जुळवत जातं. म्हणजे नेहमी जे अपेक्षित तेच! हा शब्द ऐकला आणि मला चर्र झालं. आमच्या दहावीच्या मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तक नसलं तरी एकवीस अपेक्षित प्रश्नसंच असायचे. प्रश्न अपेक्षित, उत्तरं अपेक्षित आणि निबंधही अपेक्षित. 'मी पाहिलेला अपघात' लिहिताना साठ मुलांनी एकच अपघात पाहिलेला असायचा. यंत्रानं वाचलेल्या त्या अफाट मजकुरात आमच्या फळ्यांवरून वहीत, वहीतून पुस्तकात आणि पुस्तकातून इंटरनेटवर गेलेले असे किती निबंध असतील! मग ते दुसरं काय लिहिणार?

आणि त्याच क्षणी मला तो मुलगा आठवला.

मी नोकरीला लागले जून १९७३ मध्ये, खटाव तालुक्यातल्या एका गावी. बाहत्तरचा दुष्काळ नुकता ओसरत होता. आठवीचा वर्ग, सहामाही परीक्षा, निबंधाचा विषय 'माझा गाव'. एका मुलानं जेमतेम एक पान लिहिलं होतं. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाते. तिथे सुकडी मिळते, ती ती खात नाही, फडक्यात बांधून आणते. मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरत नाही. बैल विकले तेव्हा दादा दोन दिवस बोलला नाही. आणि एक वाक्य असं होतं: 'आमच्या गावाला नदी आहे पण ती वाळूची आहे.'

मी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली. शेरा लिहिला, 'विषय सोडून लेखन. भाषा सुधार.' दहापैकी चार. एवढंच नाही. दुसऱ्या दिवशी निबंध कसा लिहावा हे दाखवायला फळ्यावर खळाळती नदी लिहिली आणि सगळ्या वर्गाला उतरवून घ्यायला लावली. त्या मुलालाही. मी बावीस वर्षांची होते, बीएड होऊन आले होते आणि मला जसं शिकवलं होतं तसं शिकवत होते. हे कारण आहे, सबब नाही. त्यानंतर त्यानं माझ्या विषयात कधी चार ओळींच्या वर लिहिलं नाही.

हे मी त्या रात्री दोघींना सांगितलं. पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. दोघी ऐकत होत्या आणि फोन खरोखरच पालथे पडले होते.

थोड्या वेळानं माणची म्हणाली, "आमच्याकडं पण नदीत वाळूच आहे. आता तीबी राहिली नाही, उपसून नेली." आणि मग ती बोलायला लागली. २०१९ च्या उन्हाळ्यात, सातवीची परीक्षा झाल्यावर, ती आजोबा-आजीबरोबर चारा छावणीत राहायला गेली होती. घरी जनावरांना पाणी नव्हतं, म्हणून दोन म्हशी आणि एक गाय घेऊन सगळं बिऱ्हाडच छावणीत. चार बांबूंवर हिरवं जाळीचं कापड. शेजारी ओळखीचं कुणी नाही, पण आठवडाभरात सगळ्यांच्या म्हशी ओळखीच्या झाल्या. रात्री शेकडो जनावरांच्या श्वासाचा आवाज. जनावरांच्या कानाला बिल्ले मारले होते आणि एक माणूस येऊन मोबाईलनं ते टिपून जायचा. "आज्जी, आमच्या गाईची हजेरी मोबाईलवर लागली तवा माझ्याकडं मोबाईलसुद्धा नव्हता." असं म्हणून ती हसली आणि आम्हीही हसलो.

"हे लिही," मी म्हटलं.

"ह्याला मार्क मिळतील?"

हा प्रश्न तिनं सहज विचारला, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. चार देणारी बाई तिच्यासमोरच बसली होती. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण लिही."

तिनं लिहिलं. कसं लिहिलं तेही सांगते, कारण मला वाटलं होतं ती आता वही-पेन घेऊन बसेल. तसं काही झालं नाही. गावी आजीला फोन लावला आणि छावणीतलं काय काय आठवतंय ते विचारून आजीला कळवून सगळं बोलणं फोनमध्येच भरून घेतलं. चुलत्याकडून त्या वेळचे दोन फोटो मागवले. मग अंगणात फेऱ्या मारत फोनशी बोलत राहिली आणि फोन लिहीत राहिला. फोननं 'छावणी'ची सारखी 'लावणी' केली, त्यावरून पाटणचीनं तिला दोन दिवस छळलं. मग बसून एकेक शब्द नीट केला. काही वाक्यं तशीच बोलीत ठेवली, कारण आजी तशीच बोलते. दोन मिनिटांत होणाऱ्या कामाला चार रात्री गेल्या. फोन तोच, मुलगी तीच. पहिल्या वेळी फोन बोलत होता आणि ही उतरवून घेत होती. या वेळी ही बोलत होती आणि फोन उतरवून घेत होता. माझं म्हणणं काय असेल तर ते एवढंच आहे. मान खाली आहे की वर, हे बघून यातलं काहीच कळत नाही.

सगळ्या मुलांना हे जमेल, असं मी म्हणत नाही. दहा विषय, दहा प्रकल्प, सगळ्यांच्या तारखा एकाच आठवड्यात. सांगायला बसलेली म्हातारी प्रत्येक घरी नसते. पुढच्याच महिन्यात माणचीनं दुसऱ्या विषयाचा प्रकल्प एआयकडून करून घेतला. मला सांगूनच घेतला. मी काही बोलले नाही. तो विषय तिच्यापुढे कुणी मांडलाच नव्हता, नुसता यादीतून दिला होता.

'माझे गाव'चा निकाल मात्र सांगायला हवा. मॅडमनी तिला बोलावून विचारलं, "हे तूच लिहिलंयस ना? कुणी लिहून दिलं नाही ना?" म्हणजे शुद्ध मजकुराबद्दल शंका नाही आणि खऱ्या मजकुराबद्दल शंका! माणचीनं आजीचा आवाज लावून दाखवला. मॅडमनी तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकला, असं ती सांगत होती. दहापैकी आठ मिळाले. दोन बोलीभाषेचे कापले असावेत. मला त्या मॅडमबद्दल आदर वाटला. त्यांनी निदान विचारलं. मी त्या मुलाला काहीच विचारलं नव्हतं.

त्या रविवारी पाटणची म्हणाली, "आजी, त्या मुलाचं नाव आठवतंय का? शोधून देते." नाव आठवत होतं, आडनावासकट. तिनं फेसबुकवर घातलं. तीन जण निघाले. त्यातला एक ट्रॅक्टरवर बसलेला, मांडीवर नात, डोक्याला पांढरी टोपी. गाव तेच. कपाळही मला तेच वाटलं. पासष्टीच्या माणसात तेराचा मुलगा दिसू शकतो, हे शिक्षकालाच ठाऊक.

पाटणचीनं निरोप लिहायची चौकट उघडून फोन माझ्या हातात दिला. मी बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. काय लिहावं? सुरुवात आकर्षक हवी म्हणून आयुष्यभर सांगितलं, आणि मला सुरुवातच सुचेना.

"एआयला विचारू का, आजी?" ती खोडकरपणे म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

गेले तीन आठवडे ती चौकट तशीच आहे. रोज जेवताना मी फोन उघडते, बघते आणि बंद करते. परवा माणची म्हणाली, "आज्जी, भाकरी गार होतीया."